रविवारचा सांजा आणि उसनं मराठीपण

मंडळी, सरळच विचारते. तुमच्या घरी सांजा शेवटचा कधी झाला? तिखट नव्हे, गोड. गव्हाच्या जाड रव्याचा, गुळाचा, वर तुपाची धार सोडलेला. बरं, सांजा राहू दे. शिकरण? शिळ्या पोळीचा लाडू? भोपळ्याचे घारगे? गव्हल्यांची खीर?

आठवायला वेळ लागत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा अशा गावांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घरांची ओळख पुरणपोळी-मोदकांपेक्षा या साध्या, आडवारच्या गोडात जास्त आहे. आणि नेमकं तेच आपण लाजून सोडून देतोय.

"लाजून" हा शब्द मुद्दाम वापरलाय. हे पदार्थ अवघड म्हणून सुटले असते तर मी काही बोलले नसते. चिरोटे सुटले, अनारसे सुटले, समजू शकते. त्यात खटाटोप आहे, बिघडले की डोळ्यांत पाणी येतं. पण शिकरणाला काय लागतं? पिकलेली दोन केळी, थंड दूध, साखर, वेलदोडा. पोळीच्या लाडवाला तर कालच्याच पोळ्या. तरी ते गेलं, कारण ते आपल्याला "दाखवण्यासारखं" वाटत नाही. कोणी येणार म्हटलं की आपण दुकानातून काजूकतलीचा डबा आणतो. सांजा केलेला असलाच तर झाकून ठेवतो आणि कोणी विचारलं तर म्हणतो, "अगं ते आमचं आपलं असंच काहीतरी." या "असंच काहीतरी"मध्ये आपण आपल्या आज्यांची अर्धी विद्या मोडीत काढली.

आता दुसरी बाजू बघा. मराठी मंडळांचे खाद्यमेळावे होतात, मी दरवर्षी जाते. हौशी माणसं मेहनत करतात, त्यांचं कौतुकच आहे. पण स्टॉलवर काय असतं? मिसळ, वडापाव, उकडीचे मोदक, साबुदाणा वडा, पुरणपोळी. वर पाटी, "आपली मराठी चव". मला सांगा, कुणाची चव? माझ्या आजीचा जन्म इंदूरचा, शेवटचा श्वासही इंदूरचा. तिनं उभ्या आयुष्यात वडापाव खाल्ला नाही. उकडीचे मोदक आमच्याकडे एखाद्या वर्षी व्हायचे. एरवी गणपतीला तळणीचे मोदक, आत सुक्या खोबऱ्याचं आणि खसखशीचं सारण. ओला नारळ इथे तेव्हा सणासुदीचीच वस्तू होती.

मिसळीवर माझा राग नाही, मीही दोन प्लेटी खाते. पण जे पुण्या-मुंबईचं तेच मराठी, आणि आपण इथे दोनशे-अडीचशे वर्षं जे रांधलं-खाल्लं ते काहीच नाही, हे मला पटत नाही. आपण म्हणजे काय पुण्याची शाखा आहोत का?

थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात होळकरांबरोबर आपली माणसं माळव्यात आली. कोणी शिलेदार, कोणी कारकून, कोणी भिक्षुकी करणारे, कोणी कारागीर. 1818 साली मंदसोरचा तह झाला आणि महेश्वर, भानपुरा सोडून होळकरांची राजधानी इंदूरला आली, तशी इथली मराठी वस्ती वाढत गेली. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला. राज्यं बदलली, दफ्तराची भाषा बदलली. आपण इथेच राहिलो.

येताना सोबत रीती आणल्या, पण डबे भरायचे ते इथल्याच मालानं. माळवा म्हणजे काळी जमीन आणि गहू, त्यातही रवाळ दळला जाणारा कठिया गहू. म्हणून आमच्या घरच्या गोडात तांदूळ मागे पडला आणि गहू पुढे आला. मंदसोर-नीमच भागात अफूचं पीक, म्हणून खसखस घरात भरपूर. आमच्या सारणात खसखस हात राखून पडत नाही, आणि थंडीत खसखशीची खीर होते: रात्रभर भिजवून वाटलेली खसखस, दूध, साखर, वेलदोडा, बस. मध्य प्रदेशाच्या जंगलात चारोळी होते, म्हणून खिरीत बेदाणा नसला तरी चालेल, चारोळी हवीच. काजू हे अलीकडचं प्रकरण.

आणि शेजार. आमच्या वाड्याला लागून एक माळवी कुटुंब होतं. त्यांच्याकडे थुली व्हायची. गव्हाच्या भरड्याची, मऊ शिजवलेली, वर दूध-गूळ. आमच्याकडे सांजा. दोन्ही घरची पातेली भिंतीवरून इकडून तिकडे जायची. त्यांची बाई म्हणायची, तुमचा सांजा म्हणजे आमची थुलीच, फक्त तूप जास्त. आजी म्हणायची, तुमची थुली म्हणजे आमचा सांजाच, फक्त भाजायचा कंटाळा केलेला! दोघी हसायच्या आणि दोघी खायच्या.

असंच बडोद्याचं. माझी आत्या तिकडे दिलेली. तिच्या घरी थंडीत गुळपापडीचं ताट थापलं जायचं. कणीक, तूप, गूळ. शेजारची गुजराती मंडळी त्यालाच सुखडी म्हणतात. त्यांच्या लग्नात कंसार, आपल्याकडे सांजा, मूळ वस्तू तीच. बेळगावकडच्या मैत्रिणीकडे गव्हाची खीर खाल्ली, सबंध गहू कांडून शिजवलेला आणि गुळात मुरलेला. तिच्या घरात तिला हुग्गी असंही म्हणतात, म्हणजे पातेल्यात कानडी-मराठी दोन्ही. लोक बेळगावचा कुंदा आणि मांडे ओळखतात, पण ते बाजाराचं किंवा कसबी हातांचं काम. घरचं गोड म्हणजे ती खीर. गोव्याकडे गहू मागे आणि नारळ पुढे: हळदीच्या पानातल्या पातोळ्या, हरभऱ्याची डाळ आणि साबुदाणा नारळाच्या रसात शिजवून केलेलं मणगणं.

बघा, ज्या गावचं जे पीक आणि जो शेजार, ते त्या गावच्या मराठी गोडात उतरलंय. श्रीखंडाचा डबा आज सगळीकडे सारखाच मिळतो. सांजा मात्र सांगतो की हे घर कुठून आलं आणि कुठे रुजलं. म्हणून मी त्याला आपला कागदपत्र मानते. सनदा, वतनाचे कागद मोजक्या घरांत असतील. सांजा सगळ्यांकडे होता, राजवाड्याच्या मानकऱ्यांकडेही आणि दोन खोल्यांत राहणाऱ्या मास्तरांकडेही.

आता भाषेचं. आपल्या सगळ्यांची रड एकच, मुलं मराठी बोलत नाहीत. घरात हिंदी, शाळेत इंग्रजी. आपण काय करतो? वर्षातून एकदा स्टेजवर पोराकडून दोन मिनिटांचं पाठ केलेलं भाषण म्हणवून घेतो, टाळ्या वाजवतो, फोटो टाकतो. महिन्याभरात पोर सगळं विसरतं.

माझा नातू आठ वर्षांचा. शिऱ्याला "सूजी का हलवा" म्हणायचा. मी त्याला व्याकरण शिकवलं नाही. रविवारी सकाळी ओट्याशी उभा केला, समोर परात आणि कालच्या चार पोळ्या ठेवल्या आणि म्हटलं, कुस्कर. कुस्करणं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागलं नाही, हातांनी समजलं. मग, "आता गूळ चिर." "आता मळ." "आता लाडू वळ." एका लाडवात चार क्रियापदं. ती तो विसरलेला नाही.

आपल्या इंदुरी मराठीत हल्ली सगळं "बनवतात". चाय बनवली, भाजी बनवली, पोळ्या बनवल्या. मी हसत नाही, हिंदीच्या अंगणात इतकी वर्षं राहिल्यावर हे होणारच. आपली भाषा पुण्यासारखी नाही याचीही मला खंत नाही. पण स्वयंपाकघरात आपल्याकडे किती वेगवेगळे शब्द होते ते आठवा. कणीक तिंबतात. पोळी लाटतात. भाकरी थापतात. धिरडं घालतात. लाडू वळतात. दही लावतात. दूध आटवतात. चक्का फेटतात. मुरांबा मुरवतात. प्रत्येक शब्दात हाताची वेगळी हालचाल आहे. ते पुस्तकातून येत नाहीत, ओट्याशी उभं राहून येतात. मिठाईचा डबा आणला की एकच क्रियापद उरतं, "आणला".

आता, नुसतं हळहळून काय उपयोग? करून बघायचं असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी नीट लिहिते, कारण तरुण मुली आणि मुलगेही विचारतात की प्रमाण सांगा. आमच्या आजीचं प्रमाण "अंदाजानं" एवढंच होतं, त्यानं कोणाचं भलं झालं नाही.

सांजा. एक वाटी जाड गव्हाचा रवा. इथल्या दुकानात दलिया म्हणून मिळतो, बारीक दलिया घ्या. पाव वाटी तूप. मंद आचेवर दहा मिनिटं तरी भाजा, रंग तांबूस आणि वास खमंग येईपर्यंत. घाई इथेच नडते. मग तीन वाट्या उकळतं पाणी ओता, सांभाळून, उसळतं. झाकण ठेवून रवा पूर्ण मऊ शिजू द्या. बोटानं दाबला की चिरडला पाहिजे. त्यानंतरच पाऊण वाटी चिरलेला गूळ. आधी घातलात तर रवा कडकच राहतो, मग कितीही शिजवा. गूळ विरघळला की चिमूटभर मीठ, वेलदोडा, जायफळ, चारोळी. पाच मिनिटं वाफ. दूध हवं तर ताटात वरून, गार. उकळत्या सांज्यात दूध घातलं तर गुळामुळे फाटायची भीती.

गुळपापडी. एक वाटी कणीक, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटीभर किसलेला गूळ. गोड आवडत असेल तर थोडा जास्त. कणीक तुपात बदामी भाजायची. आता मुद्दा: गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं, आणि मगच गूळ घालून भराभर ढवळायचं. चालू गॅसवर गुळाचा पाक होतो आणि वड्या दगड होतात. तूप लावलेल्या ताटात थापा, वर खसखस, गरम असतानाच सुरीनं रेषा मारा. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि आठवडाभर पुरते.

पोळीचा लाडू. हातानंच कुस्करा, मिक्सरला लावू नका. मिक्सरनं पीठ होतं, लाडवाला जो बारीक-मोठा दाणा हवा तो राहत नाही. चार पोळ्यांना अर्धी वाटी गूळ, दोन चमचे तूप. गूळ तुपात जरा कोमट करून घेतला की लाडू छान वळतो.

गव्हल्यांबद्दल एक शब्द. रव्याच्या घट्ट कणकेचे चिमटीत वळलेले गव्हाएवढे दाणे, उन्हात वाळवून डब्यात. लग्नघरी सवाष्णी जमून गव्हले करायच्या. ते काम एकटीनं करायचं नाहीच, ते गप्पांचं काम आहे. आज विकत मिळत असतील तर विकत आणा, हरकत नाही. तुपावर परतून दुधात शिजवा. निदान नाव तरी राहील.

आता तुमच्या मनातल्या शंका. मला माहीत आहे, खाली कॉमेंटमध्ये येणारच आहेत.

पहिली: "ताई, घरात सगळ्यांना शुगर आहे." खरं आहे, आमच्याकडेही आहे. आणि गूळ घातला म्हणून गोड औषधी होत नाही, हा गैरसमज व्हॉट्सअॅपवर फार पसरलाय. ज्याला डॉक्टरांनी नको सांगितलंय त्यानं खाऊ नये. पण ज्यांना चालतं त्यांच्यासाठी एक लहान वाटी, आठवड्यातून एकदा. जुन्या घरात गोड खायचं प्रमाण तेवढंच होतं. एका बैठकीत अर्धा किलो मिठाईचा डबा संपवणं ही नवी चाल आहे.

दुसरी शंका जास्त खरी आहे: "हे सगळं करायचं कोणी? पुन्हा बाईनंच ना?" याचं उत्तर टाळणार नाही. परंपरेच्या नावाखाली बायकांना ओट्याशी बांधायचं असेल, तर ती परंपरा मलाही नको. पण विचार करा, बाईची कंबर कोणत्या गोडानं मोडली? वीस पानांच्या पुरणानं मोडली. पाच-पाच तास उभं राहून, सगळ्यात शेवटी गार पोळी स्वतः खाणारी आई मी पाहिली आहे. आपण मिरवतो ते नेमकं हे मोठं गोड. साधं गोड वीस मिनिटांचं आहे, आणि कोणालाही जमतं. आमच्याकडे "हे" रिटायर झाल्यापासून रविवारचा सांजा हेच करतात. पहिले दोन-तीन वेळा कच्चा राहिला, आता माझ्यापेक्षा बरा भाजतात, कारण त्यांना घाई नसते. मुलगा गुळपापडी शिकला. मुद्दा बाईला स्वयंपाकघरात परत नेण्याचा नाही, बाकीच्यांना आत आणण्याचा आहे.

तिसरी: "मुलांना हे आवडत नाही." मुलांना रोज केक दाखवला तर केक आवडणारच. रविवारी सकाळी इंदुरात पोहे-जिलबी येतेच, येऊ द्या, ती इथली रीत आहे आणि मलाही प्रिय आहे. पण चारातला एक रविवार जिलबीच्या जागी सांजा ठेवून बघा. पोह्यांसोबत गोड सांजा, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. आमच्या नातवंडांनी आधी नाक मुरडलं, आता भांडं खरवडतात. पातेल्याच्या तळाची खरपूस खरवड कोणाची यावर भांडण होतं.

म्हणून मंडळांतल्या मंडळींना माझी विनंती. पुढच्या मेळाव्यात मिसळीचा स्टॉल असू द्या. पण शेजारी एक टेबल "रोजचं गोड" म्हणून ठेवा. अटी तीनच: अर्ध्या तासात होणारा पदार्थ, घरात असलेल्या सामानातून, आणि करणाऱ्यानं तो कोणाकडून शिकला ते मराठीत दोन वाक्यांत सांगायचं. बक्षीस नको, सजावट नको. वाटीभर चव आणि दोन वाक्यं. आणि ज्यांच्या घरी पंचाहत्तरीच्या पुढच्या आज्या, काकू, मावश्या आहेत, त्यांनी वाट बघू नका. या आठवड्यातच वही घेऊन बसा. त्यांचं "अंदाजानं" वाटीत मोजून घ्या. त्यांनी मूठभर म्हटलं की ती मूठ वाटीत ओतायला लावा आणि लिहा. आमच्या घरी मोठ्या काकू गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर गुळाची धिरडी गेली. कृती सगळ्यांना "साधारण" माहीत होती, पण तशी जाळी कोणालाच पडली नाही.

आता तुम्ही लिहा. तुमच्या घरचं एक साधं गोड, तुमच्या गावाचं नाव, आणि त्याला तुमच्याकडे काय म्हणतात ते. ग्वाल्हेरकर, बडोदेकर, बेळगावकर, गोवेकर, हैदराबादकर, सगळ्यांनी. नाव वेगळं असेल, हिंदी-गुजराती-कानडी मिसळलेलं असेल, तर तसंच लिहा, शुद्ध करत बसू नका. शंभर घरांनी लिहिलं तर शंभर कृती एका जागी जमतील, आणि पुढच्या पिढीला विचारायला कोणी नसेल तेव्हा निदान वाचायला तरी काही असेल.

मी या रविवारी घारगे करणार आहे. लाल भोपळा आणून ठेवलाय. किसून गुळात शिजवायचा, मावेल तेवढीच कणीक, पाणी अजिबात नाही. थापायला नातू आहे.